शेतकऱ्याचा ‘ऱ्या’, वकिलाचा ‘ॲ’ आणि रुपयाचं चिन्ह: कॉपी-पेस्ट न करता कसं टाइप करायचं

प्रश्न असा आला आहे: “भाऊ, मी गावात सेवा केंद्र चालवते. अर्ज आधी नोटपॅडमध्ये टाइप करून ठेवते, मग ऑनलाइन फॉर्ममध्ये टाकते. ₹, ½, ×, ॲड. मधला ॲ, शेतकऱ्यांचे मधला ऱ्या, हे मला कळफलकावर सापडत नाहीत. दर वेळी जुन्या फाइलमधून कॉपी करते. यांच्या शॉर्टकट कळा आहेत का?”

ताई, कळा आहेत, आणि सगळ्या खाली देतो. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण तुमची खरी अडचण कळ न सापडण्यापेक्षा मोठी आहे. जुन्या फाइलमधून तुम्ही जे अक्षर उचलता ते डोळ्यांना बरोबर दिसतं, पण आतून ते तेच अक्षर असेल याची खात्री नाही. संगणक अक्षराचा आकार पाहत नाही, त्याचा क्रमांक पाहतो. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी, तीत देवनागरीला ०९०० ते ०९७एफ असे १२८ क्रमांक दिले आहेत (या क्रमांकांत आकड्यांबरोबर ए ते एफ ही अक्षरंही असतात). एकाच दिसण्यामागे दोन-तीन वेगवेगळ्या क्रमांकांच्या जोड्या असू शकतात, आणि मग नाव शोधलं की सापडत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी टायपिंगचा क्लास आणि छपाईचं दुकान चालवतो. शिकलो रेमिंग्टन मशीनवर. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची सभासद यादी दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं होतं. यादीत ‘वऱ्हाडे’ आडनावाचे एक म्हातारे शेतकरी होते. काउंटरवरच्या माणसानं नाव टाकलं की संगणक सांगे, नाव नाही. कागदावरच्या यादीत मात्र नाव स्पष्ट छापलेलं. ते बिचारे दोनदा एसटीनं येऊन परत गेले. कारण इतकंच की अर्धी यादी एकानं टाइप केली होती, अर्धी दुसऱ्यानं, आणि दोघांचा ‘ऱ्हा’ वेगळा होता. तेव्हापासून मी क्लासमध्ये पहिला धडा याच अक्षराचा घेतो.

तर आधी ऱ्या आणि ऱ्हा

आपल्या भागात या अक्षराशिवाय एक पान निघत नाही. शेतकऱ्यांचे, सातबाऱ्यावर, पऱ्हाटी, चौऱ्याऐंशी, आणि खुद्द वऱ्हाड. तरी पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, अर्जांवर ‘वर्हाड’ आणि ‘शेतकर्यांचे’ असं डोक्यावर रफार दिलेलं सर्रास दिसतं. रफार दिला की उच्चार बदलतो, कधी अर्थही बदलतो. आचार्याला नमस्कार करायचा असतो, आचाऱ्याला स्वयंपाकाची ऑर्डर द्यायची असते. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या मेळघाटात आहेत.

हे अक्षर बनतं ‘ऱ’पासून. म्हणजे र-खाली टिंब असलेलं अक्षर, क्रमांक ०९३१. त्याचा पाय मोडला आणि पुढे य किंवा ह आला की टिंब दिसेनासं होतं आणि ती आडवी कोयरी तयार होते. विंडोजच्या मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची मांडणी) र आहे जे च्या कळीवर, आणि ऱ आहे शिफ्ट + जे वर. पाय मोडायची कळ डी. य आहे स्लॅशच्या कळीवर, ह यू वर, काना ई वर. म्हणून:

ऱ्या = शिफ्ट + जे, मग डी, मग स्लॅश, मग ई.
ऱ्हा = शिफ्ट + जे, मग डी, मग यू, मग ई.

दोन दिवस बोटांना सवय लागेल, मग विचार करावा लागणार नाही.

आता दुसरी पद्धत, जिच्यामुळे घोटाळा होतो. साधा र, पाय मोडायचं चिन्ह, मग एक अदृश्य जोडचिन्ह (क्रमांक २००डी), मग य. यातूनही र्‍या असाच आकार दिसतो. जुन्या सॉफ्टवेअरमधून आणि उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या काही साधनांमधून हीच जोडी येते. युनिकोडच्या मानकात ऱ वाली पद्धत सांगितली आहे आणि जोडचिन्हाची पद्धत जुन्या मजकुरासाठी चालू ठेवली आहे. छापील कागदावर फरक शून्य. शोधताना फरक पडतो, कारण साधा शोध क्रमांकाला क्रमांक जुळवतो.

तुमच्या फाइलमध्ये कोणता ‘ऱ्या’ आहे हे ओळखायची सोपी युक्ती: अक्षराच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. आधी काना जाईल, मग य. त्यानंतर आणखी मागे गेलात की शेवटी जो र उरेल त्याच्याखाली टिंब दिसलं तर अक्षर बरोबर. साधा र उरला आणि मध्ये एक बॅकस्पेस ‘फुकट’ गेल्यासारखा वाटला, म्हणजे तिथे अदृश्य जोडचिन्ह होतं. ही तपासणी मी मुलांकडून पन्नासदा करून घेतो, कारण एकदा हाताला लागली की कुठल्याही संगणकावर कामी येते.

ॲ आणि ऑ: इथे तिहेरी गोंधळ आहे

ॲड., ॲप, ॲक्सिस. हे अक्षर तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. पहिलं ‘ॲ’, एकसंध, क्रमांक ०९७२. दुसरं ‘अ’ लिहून वर अर्धचंद्र दिलेलं ‘अॅ’, म्हणजे दोन क्रमांक. तिसरं ‘ऍ’, क्रमांक ०९०डी, जे ए वर चंद्र दिल्यासारखं दिसतं आणि हिंदीत वापरतात. मराठीसाठी पहिलंच वापरा. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात ॲ आणि ऑ हे स्वर म्हणून घेतले आहेत.

मग लोक दुसरी-तिसरी रूपं का वापरतात? कारण युनिकोडमध्ये ॲ आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याच्या कितीतरी आधीपासून कळफलक आणि फॉन्ट लोकांच्या हातात होते. ज्यांच्याकडे हे अक्षरच नव्हतं त्यांनी जोडून काम भागवलं, आणि ती सवय राहिली. दोष कुणाचा नाही. पण आज पहिलं आणि दुसरं रूप युनिकोडच्या नियमांनुसार एकच मानलं जात नाही. म्हणून ‘ॲड.’ टाकून ‘अॅड.’ सापडेल असं गृहीत धरू नका.

ऑ चं याहून वाईट आहे. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये काना वेगळा आणि अर्धचंद्र वेगळा टाइप व्हायचा. ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणलं की ‘आ’ + अर्धचंद्र असं ‘आॅनलाइन’ आणि काना + अर्धचंद्र असं ‘काॅलेज’ तयार होतं. काही फॉन्टमध्ये चंद्र थोडा सरकलेला किंवा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसतो, तेव्हा लक्षात येतं. काही फॉन्टमध्ये काहीच कळत नाही. बरोबर आहे एकसंध ऑ (०९११) आणि एकसंध ॉ (०९४९). इनस्क्रिप्टवर दोन्ही एकाच कळीवर आहेत, बॅकस्लॅशच्या: नुसती दाबली की ॉ, शिफ्टसह ऑ. कन्व्हर्टरमधून आलेल्या मजकुरात ‘अ’ला काना जोडलेला ‘अा’ आणि मात्रा जोडलेला ‘अो’ हेही बघा. तेही ‘आ’ आणि ‘ओ’ नव्हेत.

क्रमांकावरून अक्षर काढायची पद्धत

हीच सगळ्यात उपयोगाची आहे, कारण ती एका अक्षरापुरती नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कळफलक इंग्रजीवर आणा (विंडोजची कळ + स्पेस), इंग्रजी आकड्यांत क्रमांक टाइप करा आणि लगेच ऑल्ट + एक्स दाबा. ०९७२ लिहून ऑल्ट + एक्स, की ॲ हजर. २०बी९ लिहून ऑल्ट + एक्स, की ₹. मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही आकडे आणि बी-डी ही अक्षरं इंग्रजीच टाका. मराठी आकडे उमटत असतील तर काम होणार नाही.

एक सावधगिरी: क्रमांकाच्या अगदी आधी आकडा चिकटलेला असेल तर वर्ड तोही क्रमांकाचाच भाग समजतो. मध्ये जागा सोडा, किंवा फक्त तो क्रमांक सिलेक्ट करून मग ऑल्ट + एक्स दाबा.

हीच कळ उलटीही चालते. अक्षराच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवून ऑल्ट + एक्स दाबलं की अक्षर जाऊन त्याचा क्रमांक दिसतो. पुन्हा दाबलं की अक्षर परत. संशयित ‘ॲ’ तपासायचा असेल तर हा सगळ्यात झटपट मार्ग. ०९७२ आलं तर ठीक. ०९४५ आलं तर समजायचं की मागे सुटा अ आहे आणि वर नुसता चंद्र बसवला आहे. लिब्रेऑफिसमध्येही ऑल्ट + एक्स असाच चालतो.

नोटपॅडमध्ये मात्र यावर विसंबू नका. तिथे ऑल्ट दाबून धरायचा आणि उजवीकडच्या नंबरपॅडवर आकडे टाइप करायचे, मग ऑल्ट सोडायचा. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत, नमलॉक सुरू हवा, कळफलक इंग्रजीवर हवा. सुरुवातीचं शून्य विसरू नका, ते गेलं तर दुसरंच चिन्ह येतं. आपल्या कामाचे हे:

½ साठी ०१८९, ¼ साठी ०१८८, ¾ साठी ०१९०
× साठी ०२१५
° साठी ०१७६
² साठी ०१७८
– साठी ०१५०, — साठी ०१५१
‘ ’ साठी ०१४५ आणि ०१४६, “ ” साठी ०१४७ आणि ०१४८

शेततळ्याच्या अर्जात ३० × ३० × ३ मीटर लिहिताना लोक इंग्रजी एक्स टाकतात. वाचणाऱ्याला समजतं, अडत नाही. पण गुणाकाराचं चिन्ह हाताशी असताना ते का टाकू नये. चौरस मीटरसाठी ‘चौ.मी.’ लिहिलं तरी उत्तम, तिथे ² ची गरजच नाही.

₹ या यादीत नाही, त्याचं कारण आहे. या शून्यवाल्या आकड्यांचा आवाका २५५ पर्यंतच आहे. रुपयाचं चिन्ह भारत सरकारनं १५ जुलै २०१० ला स्वीकारलं आणि युनिकोडमध्ये ते त्याच वर्षी ६.० आवृत्तीत आलं, त्यामुळे त्याचा क्रमांक बराच पुढचा आहे. वर्डमध्ये ऑल्ट + ८३७७ चालतं (२०बी९ हाच क्रमांक साध्या दशमान आकड्यांत), जुन्या नोटपॅडमध्ये त्याच आकड्यांनी भलतंच चिन्ह येतं. नोटपॅडसाठी सोपा रस्ता वेगळा: विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ कळफलक जोडा, मग कंट्रोल + ऑल्ट + ४ दाबलं की ₹ येतं. उजवा ऑल्ट + ४ दाबलं तरी तेच. बहुतेक दुकानांमध्ये अमेरिकन इंग्रजी कळफलक लावलेला असतो आणि लोक म्हणतात की कळ चालत नाही. कळ ठीक असते, कळफलक दुसरा असतो.

लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर विंडोजची कळ + पूर्णविराम दाबा. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये एक खिडकी उघडते, त्यात चिन्हांच्या विभागात ₹, ×, ½, ° सगळं मिळतं. नोटपॅड, ब्राउझर, कुठेही चालतं. हळू आहे, पण चुकत नाही.

शाळेतल्या लिनक्सवर काम पडलं तर: बहुतेक ठिकाणी कंट्रोल + शिफ्ट + यू दाबून सोडा, क्रमांक टाइप करा, एंटर. विम हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी लिहिण्याच्या अवस्थेत कंट्रोल + व्ही, मग यू, मग चार आकडी क्रमांक.

रोज लागणारं आहे ते स्वतःच्या कळीवर बसवा

तुम्ही दिवसातून चाळीसदा ॲ लिहीत असाल तर चाळीसदा क्रमांक टाकण्यात अर्थ नाही. वर्डमध्ये इन्सर्ट, सिम्बॉल, मोअर सिम्बॉल्स इथे जा. खाली कॅरेक्टर कोडच्या चौकटीत ०९७२ टाका, अक्षर निवडलं जाईल, मग ‘शॉर्टकट की’ वर क्लिक करून तुम्हाला हवी ती कळ द्या. मी ऑल्ट + ए दिली आहे. त्याच ठिकाणी ऑटोकरेक्ट आहे. तिथे ‘अॅड’ च्या जागी ‘ॲड’ असं लिहून ठेवलं की चूक झाली तरी वर्ड स्वतः सुधारतो.

ही सोय नोटपॅडमध्ये नाही. तिथे आणि ब्राउझरमध्येही चालावं असं वाटत असेल तर ऑटोहॉटकी नावाचं मोफत सॉफ्टवेअर बसवा. एका साध्या मजकूर फाइलमध्ये ‘हे टाइप केलं की ते टाक’ अशा ओळी लिहायच्या असतात. फाइल यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करा, नाहीतर मराठी अक्षरं बिघडतात. केंद्राचा संगणक तुमच्या मालकीचा नसेल तर बसवण्याआधी विचारून घ्या.

सेव्ह करण्याचं निघालंच आहे तर नोटपॅडबद्दल: विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतो. त्याआधीच्या विंडोजवर ‘सेव्ह ॲज’ मध्ये खाली एन्कोडिंग बदलावं लागतं. तिथे ‘एएनएसआय’ (जुनी पद्धत, जिच्यात मराठी अक्षरं बसत नाहीत) राहिलं आणि सूचना न वाचता होकार दिला की अख्खा मराठी मजकूर प्रश्नचिन्हांचा होतो आणि तो परत मिळत नाही. माझ्याकडे रडवेली होऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणखी दोन चुका, ज्या तुम्ही विचारल्या नाहीत

विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन. ‘दु:ख’, ‘नि:शुल्क’, ‘स्वत:’ असं लिहिलं जातं. कोलन हे विरामचिन्ह आहे, त्यामुळे शब्द तिथे तुटतो. ओळ संपत असेल तर ‘स्वत’ वर आणि दोन ठिपके खाली असंही होतं. विसर्ग आहे शिफ्ट + हायफन, क्रमांक ०९०३.

दुसरी भजनांच्या पुस्तिकांत. गुरुदेव सेवा मंडळांची भजनावली छापायला येते, त्यात चरणाच्या शेवटी दंड हवा असतो आणि लोक इंग्रजीतली उभी रेघ टाकतात. ती रेघ ओळीपेक्षा उंच किंवा खाली लोंबलेली दिसते. दंड शिफ्ट + पूर्णविरामावर आहे. जोडदंडासाठी तो दोनदा टाकू नका, ॥ हे वेगळं अक्षर आहे, क्रमांक ०९६५. लांबवलेल्या स्वराचा ऽ हवा असेल तर ०९३डी.

‘बँक’ या शब्दाबद्दलही विचारतात. बँक चंद्रबिंदूनं (शिफ्ट + एक्स) लिहितात आणि बॅंक अर्धचंद्र + अनुस्वारानंही लिहितात. इथे मी वाद घालत नाही. पासबुकावर आणि फॉर्मच्या यादीत जसं असेल तसं लिहा, आणि एका फाइलमध्ये एकच ठेवा.

मध्यंतरी केळापूरकडून काही तरुण मुलं गोंडी लिपीत लग्नपत्रिका करायला आली होती. तिथेही हीच पद्धत चालली. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ ला आली, गुंजाळा गोंडी २०१८ ला. त्यांचे क्रमांक पाच आकडी आहेत. वर्डमध्ये ११डी०० लिहून ऑल्ट + एक्स दाबलं की मसराम गोंडीचा ‘अ’ येतो, फक्त नोटो सॅन्स मसराम गोंडी हा मोफत फॉन्ट आधी बसवलेला हवा, नाहीतर चौकोन दिसेल. त्या मुलांनी आपल्या आजोबांचं नाव पडद्यावर आपल्या लिपीत पाहिलं तेव्हा दुकानात कुणी काही बोललं नाही.

जुन्या फाइली कशा दुरुस्त करायच्या

सगळ्यात आधी मूळ फाइलची प्रत काढा. मग ‘फाइंड ॲण्ड रिप्लेस’ मध्ये चुकीचं अक्षर त्याच फाइलमधून उचलून वरच्या चौकटीत टाका आणि बरोबर अक्षर वर सांगितलेल्या कळांनी टाइप करून खालच्या चौकटीत टाका. ‘अॅ’चा ‘ॲ’, ‘आॅ’चा ‘ऑ’, काना-चंद्राचा ‘ॉ’, हे सगळं एका फटक्यात बदललं तरी मराठी मजकुराला धोका नाही. अदृश्य जोडचिन्हाचा ‘र्‍’ सुद्धा ‘ऱ्’ मध्ये एकदम बदलता येतो.

पण डोक्यावरचा रफार एकदम बदलू नका. ‘र्य’चा सरसकट ‘ऱ्य’ केलात तर सूर्य, कार्य, आचार्य, कार्यालय सगळे बिघडतील. तिथे शब्दाचं मूळ धरून जा: ‘शेतकर्य’चा ‘शेतकऱ्य’, ‘सातबार्य’चा ‘सातबाऱ्य’, ‘वर्हाड’चा ‘वऱ्हाड’. वीस-पंचवीस शब्दांची यादी करून ठेवली की आपल्याकडच्या अर्जांचं बहुतेक काम भागतं. माणसांची नावं आणि आडनावं मात्र हातानंच तपासा, एकेक, समोर आधार कार्ड किंवा सातबारा ठेवून. आणि सुरुवात नमुना अर्जाच्या फाइलीपासून करा, कारण त्यातली चूक तुम्ही दर अर्जात कॉपी करत असता.